अर्थिंग कुठे लावणार?

४ तारीख, मंगळवार

विहीणबाई,

नमस्कार. हा नमस्कार माझ्या लेकीच्या सासूला आहे, तुम्हाला नाही. नऊ वर्षांपूर्वी आपल्या नातीला पहिली आंघोळ घालताना तुम्ही माझ्या हातातून तांब्या ओढून घेतलात आणि चारचौघांत म्हणालात, "पोर भाजाल, पाणी कढत आहे." तेव्हापासून मी तुमच्याशी बोलत नाही. आजही बोलत नाही. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे.

फोन केला नाही, कारण फोनवर आपण दोघी एकदम सुरू होतो आणि कोणालाच काही ऐकू येत नाही. शिवाय आमच्याकडे भिंतींना नुसते कान नाहीत, तोंडंही आहेत. माझी शाळा चौथीत सुटली. अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे. हसायचं असेल तर इथेच हसून घ्या, पुढे कामाचं आहे.

मी पडले. खाली वर्कशॉपमध्ये एका फाटकाला लाल प्रायमर मारत होते. ब्रश हातात, आणि मग एकदम काहीच नाही. जाग आली तेव्हा गालभर प्रायमर, आणि आमचा पोरगा ते रक्त समजून बोंबलत होता. एवढा बाप्या, दिवसभर लोखंड वाकवतो, आणि आईच्या तोंडावरचा रंग ओळखेना. मीच म्हटलं, "अरे, रंग आहे. पुस, नाहीतर वाळेल."

हॉस्पिटलात नेलं. छातीला चकत्या चिकटवल्या, मशीनमधून रेघांचा कागद निघाला, आणि तो बघितल्यापासून घरातले सगळे गोड बोलायला लागले. तिथेच मला वास आला. सूनबाई म्हणते, "काही नाही हो आई, एक छोटीशी डबी बसवायची. मुंगी चावल्यासारखं वाटेल." पोरगा म्हणतो, "तपासणीच समज." माझी लेक, म्हणजे तुमची सून, फोनवर म्हणते, "तुला कळणारसुद्धा नाही गं."

कुठून बसवणार? "वरून वरून."

किती कापणार? "नखाएवढं."

आत काय घालणार? "आई, तू आराम कर ना."

मुंगीच चावणार असेल तर तिघांचे डोळे सुजलेले का? सही मागितली, मी केली नाही. फाटक लावायला आलेला माणूससुद्धा भिंतीला कुठे भोक पाडणार ते घरमालकाला विचारून पाडतो. मी तर भिंतही आणि मालकीणही.

तर तुमच्याकडे येण्याचं कारण. ही डबी तुमच्या छातीत आहे. आणि ज्यांची माझ्यावर माया आहे ती सगळी खोटं बोलतायत. तुमची माया नाही. मला बरं वाटावं म्हणून थाप मारणार नाही असं माझ्या ओळखीत तुमच्याइतकं खात्रीचं माणूस नाही. लिहा. कुठे कापलं, काय घातलं, किती दुखलं. मला घाबरवायची संधी परत मिळायची नाही, सोडू नका.

पाणी कोमटच होतं.

तुमच्या सुनेची आई

१२ तारीख, बुधवार

विहीणबाई,

चार पानं! मला वाटलं होतं एकच ओळ येईल आणि तीही शिवीची.

मनापासून घाबरवलंत. तुम्ही लिहिता, झोपवत नाहीत, जागीच ठेवतात. गळ्याखालच्या हाडाच्या खाली बधिर करायची सुई टोचतात ती आग आग करते. तोंडावरून हिरवं कापड जातं. मग कापलेलं दुखत नाही पण ओढाताण कळते, अंगातच कोणी खिसा शिवतंय असं वाटतं. शिरेतून तार आत सोडतात, ती हृदयापर्यंत नेतात आणि टोक तिथे पक्कं करतात. मध्येच जळल्याचा वास आला. आणि तुम्ही कापडाखाली रडलात, कोणाला कळू न देता.

तुम्ही रडलात हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तुमच्याकडून आलेली एक गोष्ट धड उपयोगाला येत नाही.

सूनबाईनं पत्र माझ्या उशीखालून काढून वाचलं. "आई, असलं काय वाचत बसता?"

म्हटलं, "छातीत घालून घ्यायचं, पण वाचायचं नाही?"

मग ती ओट्याकडे गेली आणि भांडी उगाच जोरात आदळली. चिडली की निदान खरं वागते. मला तेवढ्यानंही हुशारी आली.

तुम्ही एक लिहायचं विसरलात. अर्थिंग कुठे लावलं होतं?

तुम्हाला वर्कशॉपचं काय कळणार, म्हणून सांगते. लोखंडाला लोखंड पक्कं करायचं तर मशीनमधून दोन केबली निघतात. एकीच्या टोकाला रॉड. दुसरीच्या टोकाला चिमटा, तो ज्यावर काम करायचं त्यालाच लावायचा, ते अर्थिंग. रॉड टेकवला की ठिणगी उडते, जळल्याचा वास येतो आणि टाका बसतो. आमचे हे गेल्यावर पोरगा हाताशी येईपर्यंत हे सगळं मीच केलंय, काळी काच तोंडाशी धरून. तेव्हा तार "पक्की करतात" आणि "जळल्याचा वास येतो" म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको. फक्त चिमटा कुठे लावतात ते कळेना. पायाला? पाठीला?

आणि जुना पातळ पत्रा असला ना, विहीणबाई, की टाका बसत नाही. भोक पडतं. कितीही जपून टेकवा. मी पाडलेली आहेत.

माझं हृदय अडुसष्ट वर्षांचं आहे. मी घाबरलेले नाही. सहज विचारते.

परवा पुन्हा गेले. खुर्चीत होते म्हणून पडले नाही, फक्त मान खाली गेली आणि गिऱ्हाईकाला वाटलं म्हातारी पेंगते आहे. घरात कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण आपण बोलत नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की तुमच्या डबीची बॅटरी संपत आली, बदलायला बोलावतायत, पण "आता राहू दे". त्याचं मी नंतर बघते. आधी माझं.

तुमच्या सुनेची आई

१७ तारीख, सोमवार

चहाडखोर बाई,

तुम्हाला विश्वासानं सांगितलं आणि तुम्ही पत्र खाली ठेवायच्या आत आमच्या पोराला फोन लावलात! "तुझी आई खुर्चीत बसून मरते आहे आणि तू काय करतोस?" हे शब्द तुमचेच, त्यानं मला जसेच्या तसे ऐकवले. चालू मशीन तशीच टाकून आला. मला उचललं, खरंच उचललं, पोत्यासारखं, आणि टेम्पोत घातलं. सगळी गल्ली बघत होती. हे मी विसरणार नाही.

पण बरं झालं असं म्हणणार नाही. झालं ते सांगते.

डॉक्टरीण सूनबाईपेक्षाही लहान. बुटांचा कुईकुई आवाज करत आली, स्टूल ओढून माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. "आजी, सही का अडली?"

म्हटलं, "अर्थिंग कुठे लावणार?"

"कशाचं?"

मग सगळं सांगितलं. चिमटा, रॉड, ठिणगी, पातळ पत्रा. पोरगा हसला. तिनं हसू नका म्हटलं नाही, सरळ दाराकडे बोट दाखवलं. तो बाहेर. तिथे ती मला पटली.

मग तिनं खणातून खरीच तार काढून माझ्या हातावर ठेवली, दाखवायला ठेवलेली. विहीणबाई, तुम्हाला कोणी हातात दिली होती का? मी समजत होते रॉडसारखी ताठ असेल. ही ओल्या सुतळीसारखी लुळी. टोकाला केसाएवढा स्क्रू. तिनं मागून पीळ दिला तसा तो पुढे आला, उलटा दिला तसा आत गेला. म्हणाली, "हा हृदयाच्या आतल्या बाजूला पिळून अडकवायचा. ठिणगी नाही, आग नाही. इथे काहीच वितळवायचं नाही."

मी तो स्क्रू बोटाच्या टोकावर धरून बघितला. चार वेळा पुढे-मागे करून घेतला. ती थांबली. घड्याळाकडे बघितलं नाही.

"पण मुळात बिघडलंय काय?"

"हृदयात वरून खाली निरोप जातो, आवळ म्हणून. तुमचा निरोप्या अधूनमधून झोपतो. तेवढा वेळ हृदय थांबतं, रक्त डोक्यात जात नाही, तुम्ही पडता. डबी त्याच्यावर नजर ठेवते. तो झोपला की ती हाक मारते. तो जागा असेल तर गप्प बसते."

"सारखी नजर ठेवते आणि गप्प बसते? मग ती सासू नव्हे."

ती हसली. हसल्यावर अगदीच पोर दिसते.

म्हटलं, "आता काय काय चुकू शकतं ते सांग. मुंगी नको."

तिनं सांगितलं. रक्त साचू शकतं. जखमेत पू होऊ शकतो. सुई फुप्फुसाला लागून हवा बाहेर येऊ शकते. तार निसटली तर पुन्हा बसवावी लागते, म्हणून काही आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. क्वचित याहून वाईट. "बहुतेकांचं नीट होतं आजी. पण तुम्ही बहुतेकांत की उरलेल्यांत, ते मला आज सांगता येणार नाही."

एवढं खरं माझ्याशी कितीतरी दिवसांत कोणी बोललं नव्हतं. तुम्ही सोडून.

"आणि नाही बसवली तर?"

"एक दिवस तुम्ही चालू ग्राइंडरवर पडाल. नाहीतर निरोप्या झोपेल तो उठणारच नाही."

मग मी माझ्या खुर्चीचं विचारलं. माझी खुर्ची मशीनला लागूनच असते. तेव्हा खरी गंमत. ती म्हणाली, "ते मी तुमच्या मुलाला सांगितलंय की. स्वतः वेल्डिंग करायचं नाही. चालू मशीन आणि केबलीपासून लांब बसायचं, किती लांब ते डबीच्या कंपनीला विचारून लिहून देते. रंगकाम खुशाल करा." म्हणजे पोराला ठाऊक होतं! आणि त्यानं मनात ठरवून टाकलं होतं की म्हातारीला वरच्या खोलीतच ठेवायचं. म्हणूनच वर नवा टीव्ही येऊन पडला होता. मला वाटलं, सूनबाईची हौस.

त्याला आत बोलावलं. "खुर्ची दाराशी सरकव. टीव्ही तुझ्या बायकोला दे."

"आई, तुझ्याच काळजीनं..."

"काळजी कर. पण मला विचारून कर."

मान खाली घालून उभा राहिला. लहानपणी काच फोडल्यावर राहायचा तसा. मग म्हणाला, "मला वाटलं तू घाबरशील."

म्हटलं, "घाबरलेच होते. तुमच्या गप्प बसण्याला."

सही केली. पूर्ण नाव, सगळे काने-मात्रे लावून. परवा आहे.

तुमच्या सुनेची आई

२१ तारीख, शुक्रवार

विहीणबाई,

आहे. आहे अजून. अक्षर वाकडं म्हणाल तर उजव्या हातानंच लिहिते आहे, तो चांगला आहे, अक्षरच वाकडं आहे.

तुमची चारही पानं खरी निघाली. खोली थंडगार. टेबल अरुंद, आमच्या वर्कशॉपच्या बाकाएवढं. सुईची आग आग झाली. तोंडावरून हिरवं कापड गेलं. तिथवर सगळं तुम्ही लिहिलं तसं, त्यामुळे मी आतल्या आत म्हणत होते, हां, हे झालं, आता हे येईल. ओळखीच्या गल्लीतून गेल्यासारखं. नर्स म्हणाली, "आजी, तुम्ही किती शांत." मी म्हटलं, "माझी विहीण आधी येऊन गेली आहे."

मग त्याच नर्सनं माझ्या मांडीवर काहीतरी थंड चपटं चिकटवलं, त्याला वायर. म्हटलं, "हे काय?"

ती सहज म्हणाली, "काही नाही, अर्थिंगची पट्टी."

माझ्या पाचावर धारण बसली. अर्थिंग! म्हणजे मी बरोबर होते. म्हणजे ती पोरगी माझ्या गुडघ्याला गुडघा लावून खोटं बोलली. पातळ पत्रा, आणि आता भोक.

कापडाखालून अशी ओरडले की बाहेर बाकावर बसलेल्या पोरानं ऐकलं. "थांबा! कोणी हात लावायचा नाही!"

आणि विहीणबाई, थांबले. सगळे. एवढी मोठी खोली, एवढी मशिनं, तोंड बांधलेली एवढी शिकलेली माणसं, आणि चौथी शिकलेली बाई आडवी पडून थांबा म्हणते आणि सगळं थांबतं. कोणीतरी कापड बाजूला सारलं. डॉक्टरिणीचे नुसते डोळे दिसत होते.

"तू म्हणालीस ठिणगी नाही, आग नाही. मग अर्थिंग कशाला?"

ती म्हणाली, "चुकलं माझं, आजी. हे सांगायचं राहिलं. डबीचा खिसा करताना कातडीखालच्या बारीक शिरांतून रक्त येतं. ते थांबवायला एक तापणारं टोक वापरतो, वीज त्या टोकातून येते आणि या पट्टीतून परत जाते. तेवढं कातडीपाशी. हृदयाजवळ ते टोक जातच नाही. तिथे फक्त स्क्रू, तुम्ही हातात धरलात तोच. थोडा जळल्याचा वास येईल, तो याचा."

जळल्याचा वास. तुमचा वास, विहीणबाई!

मी जरा विचार केला. त्यांनी करू दिला. मग म्हटलं, "पट्टी नीट दाब. सैल चिमट्यानं काम बिघडतं." नर्सनं माझ्यासमोर पुन्हा दाबली. म्हटलं, "चालवा."

त्यानंतर डॉक्टरीण प्रत्येक गोष्ट आधी सांगायची, मग करायची. आता ओढल्यासारखं वाटेल. वाटलं. आता वास येईल. आला, आणि मी मजेत घेतला, घरचाच वास. आता तार खाली चालली. ते काही कळलं नाही. आता स्क्रू पिळते. मी श्वास धरून बसले, पण तिथे ना ठिणगी ना चटका. मग म्हणाली, "आता डबीला हाक मारायला लावते," आणि छातीत आतून कोणीतरी दारावर थाप मारल्यासारखं झालं. धप. धप. धप. एकही चुकली नाही.

"ऐकू येते का, आजी?"

"येते," म्हटलं. "जरा हळू मारायला सांग, मी घरीच आहे."

सगळी खोली हसली. मी टेबलावर पडल्या पडल्या, छाती उघडी टाकून, सगळ्या खोलीला हसवलं. असला मान मला लेकीच्या लग्नातसुद्धा मिळाला नव्हता, तुम्हीच होता ना तिथे.

फोटो काढला, फुप्फुस शाबूत, तार जागेवर. उद्या घरी सोडतील. पोरगा उशाशी बसलाय आणि मला न विचारता पांघरूणसुद्धा सरळ करत नाही.

तुमच्या सुनेची आई

६ तारीख, मधला एक महिना सोडून

विहीणबाई,

डावा हात मोकळा झाला. काल फाटकाच्या वरच्या दांड्याला प्रायमर मारला, हात थेट वर नेऊन. खुर्ची दाराशी आहे. तिथून रस्ता दिसतो, येणारं गिऱ्हाईक आधी माझ्या हातात सापडतं आणि पोराला भाव पाडून द्यायची संधीच मिळत नाही. धंदा सुधारलाय.

आता तुमचं.

लेकीचा फोन आला. रडत होती. तुम्ही दुसऱ्यांदा तारीख मोडलीत म्हणे. तिला सांगता, आता वय झालं, कशाला. हे वय झाल्याचं माझ्यापाशी चालणार नाही. तुम्ही माझ्याहून चार वर्षांनी लहान आहात, आणि लहान असूनही लग्नात मुलाची आई म्हणून तुम्ही मला आधी नमस्कार करायला लावलं होतं, मला आठवतंय.

तुम्ही त्या वासाला रडलात ना? मी तुमचं पत्र पुन्हा वाचलं. कापण्याला नाही, तारेला नाही. वास आला, कोणी काही सांगितलं नाही, आणि तुम्हाला वाटलं आपल्या आतलं काहीतरी जळतंय. आणि ते तुम्ही इतकी वर्षं मनात ठेवून बसलात. नाहीतर आम्हाला सगळ्यांना दटावणारी बाई एका डबीला का भिईल?

तर ऐका. मी माझ्या डॉक्टरिणीला तुमच्यासाठी विचारून आले आहे. बहुतेक तारा त्याच राहतात, आधी तपासून बघतात. जुना खिसा उघडतात, जुनी डबी काढतात, तारा नव्या डबीत खोचतात, शिवतात. सुईची आग आग होईल. ओढाताण कळेल. मांडीला थंड पट्टी लागेल आणि वास येईल. तो कातडीखालच्या शिरांचा, हृदयाचा नाही. पू होण्याचा धोका तुम्हाला माझ्यापेक्षा जरा जास्त, कारण खिसा जुना. आणि बॅटरी संपू दिलीत तर काय, ते तुम्हाला मी सांगायला नको, तुम्हीच आमच्या पोराला फोनवर सांगितलं होतंत.

यातलं एक अक्षर गोड केलेलं नाही. तुमच्यावर माझी माया नाही, तेव्हा विश्वास ठेवायला हरकत नाही.

लेकीला सांगून तुमची नवी तारीख घेतली आहे. मोडायची नाही. आदल्या दिवशीच्या बसनं येते. आत सोडणार नाहीत, पण दाराशी बसेन, आणि काही न सांगता चिकटवलं तर ओरडा. आमच्या पोरानं भिंतीपलीकडून ऐकलं होतं, मीही ऐकेन. मी आत येऊन थांबवेन.

घरी आल्यावर जखम भिजवायची नसते. काही दिवस कोणीतरी अंग पुसून द्यावं लागेल. सुनेकडून पुसून घ्यायला तुम्हाला लाज वाटेल, मला ठाऊक आहे. मी पुसेन. पाणी मीच काढेन आणि नेहमीसारखं कोपर बुडवून बघेन, नातीच्या वेळी बघितलं होतं तसंच.

कढत वाटलं तर तोंडावर सांगा. मी तांब्या खाली ठेवेन, थांबेन आणि गार पाणी घालेन.

पण त्या दिवशी ते कोमटच होतं.

तुमची विहीण